धोट्याची सही

रवि., १२ मार्च २००६. वॉटफर्ड, लंडनजवळ.

काल होम ऑफिसचं पत्र आलं. श्रीकांतने ते हातात घेतलं आणि उघडेना. रोज हॉस्पिटलात माणसांना भूल देऊन झोपवणारा माझा लेक, एका पाकिटापुढे त्याचीच शुद्ध हरपायची वेळ. शेवटी सूनबाईने, मेधाने उघडलं, ओट्यावरच्या सुरीने. त्याच सुरीने मी नुकत्याच मिरच्या चिरल्या होत्या. पत्र वाचता वाचता तिने डोळे चोळले आणि घळाघळा पाणी. आम्ही दोघं समजलो, गेलं सगळं. मी मनात बॅग भरायलासुद्धा घेतली.

मग ती म्हणाली, "आई, रिफ्यूजल नाहीये. क्वेरी आहे. नुसतं विचारलंय."

पाणी मिरचीचं होतं. हुश्श झालं. तिघांनी मिळून अर्धं भांडं शिरा संपवला.

विचारलंय ते असं. ही बाई मुलाकडे कायम राहायची परवानगी मागते, पण मुलगा हिचाच कशावरून? श्री.च्या जन्मदाखल्यात आईचं नाव यमुना. माझ्या पासपोर्टात सुलोचना. तर यमुना कोण आणि ती सध्या कुठे असते?

मी म्हटलं, कळवा त्यांना, इथेच बसलीय, लसूण सोलतेय.

मला अक्षरओळख नाही. मी बोलते आणि सूनबाई लिहिते, जानेवारीपासून चाललंय. हे होते तेव्हा संध्याकाळी मला पेपर वाचून दाखवायचे आणि मी त्यांना माझा दिवस सांगायची. त्यांना जाऊन दोन वर्षं झाली. दिवस सांगायला कुणी उरलं नाही, म्हणून ही वही. औषधाच्या कंपनीने मेधाला फुकट दिलेली. मेधा मधली मधली वाक्यं गाळते असा मला संशय आहे. माझं बोलणं लांब आणि पेन लवकर थांबलं, की मी ओळखते.

(काहीही गाळलेलं नाही. — मे.)


बुध., १५ मार्च

श्री. सॉलिसिटरशी बोलून आला. मुदत पुरेशी आहे, पण कागद हवेत. यमुना आणि सुलोचना एकच, हे कुणीतरी लिहून द्यायचं. आधी त्याला समजलं पाहिजे की दोन नावं झाली कशी.

सोपं आहे. लग्नात ह्यांनी ताटात तांदूळ पसरले, अंगठीने त्यावर नाव लिहिलं आणि ताट माझ्यापुढे केलं. "वाच." मी काय वाचणार? लहानपणापासून येवल्याला माझ्या वडिलांच्या, आबांच्या मागाजवळ बसून धाग्याच्या कांड्या भरल्या, शाळेचं तोंड पाहिलं नाही. बायका पदरात हसायला लागल्या. माझा धाकटा भाऊ दत्तू सात वर्षांचा, नुकता वाचायला शिकलेला. तो मांडीवर चढून वाचायला लागला. "सु-लो-च-ना." म्हणजे माझं नाव मला त्या शेंबड्याकडून कळलं. वाचून झाल्यावर त्याला अर्थ लागला. "आमच्या अक्काचं नाव यमुना आहे," म्हणाला आणि तांदळावरून सबंध हात फिरवून नाव पुसून टाकलं. खाल्ली थोबाडीत.

पहिलं बाळंतपण माहेरी. श्री. झाला तेव्हा नगरपालिकेत नोंद करायला आबा गेले. कारकुनाने विचारलं, आईचं नाव? आबा म्हणाले यमुना. सुलोचना हे नाव त्यांच्या जिभेवर कधी चढलंच नाही.

मेधा म्हणते, "आई, सॉलिसिटर विचारत होता, तुमच्या वडिलांनी चुकीचं नाव का दिलं? काय सांगू?"

सांग, त्यांना ते चुकीचं वाटलं नाही.


गुरु., १६ मार्च

काल एक राहिलं. मेधा म्हणाली तेही सांगा, आई, उगाच सगळं हसण्यावारी नेऊ नका. तर.

परवानगी मिळाली नाही तर येवल्याला जायचं. तिथे आमचं घर आहे, कुलूप आहे, किल्ली माझ्याकडे आहे. माणूस नाही. हे गेल्यावर वर्षाच्या आत मोरीत पाय घसरला. सकाळी पडले, दुसऱ्या दिवशी दूधवाला येईपर्यंत तशीच. छताकडे बघत कोळ्याला नावं ठेवत होते. दूधवाला आला म्हणून ही वही आहे. दत्तू मुलाकडे दूर राहतो, त्याचेही गुडघे गेलेले. परत एकटीने त्या घरात

पुरे. लिहिलंस? बास.


शनि., १८ मार्च

मिस व्हाईट आली होती. शेजारीण, भिंतीला भिंत. वय ब्याऐंशी, माझ्याहून दहाने मोठी, आणि शिडीवर चढून छपराच्या पन्हळीतली पानं काढते. लग्न केलं नाही. मुलींच्या शाळेत इतिहास शिकवायची. मी मराठीत बोलते, ती इंग्रजीत. मेधा घरी असली तर अर्थ कळतो, नसली तर गप्पा जास्त रंगतात.

थालीपीठ खाता खाता मेधाने तिला पत्राची गोष्ट सांगितली. मला वाटलं हळहळेल. ती हसली आणि म्हणाली, "आमच्या घराण्यालाही हाच त्रास झाला होता."

मी म्हटलं, तुम्हाला कसला त्रास? तुम्ही इथल्या.

तर नाही. हिचे पूर्वज फ्रान्सचे. तीनशे वर्षांपूर्वीची गोष्ट. तिथला राजा कॅथलिक, हे लोक प्रोटेस्टंट. ह्यूगेनॉट म्हणत त्यांना (हा शब्द मेधाने तीनदा विचारून लिहिला). आधी एका राजाने त्यांना लेखी वचन दिलं होतं की तुमच्या पद्धतीने प्रार्थना करा, कुणी हात लावणार नाही. त्याच्या नातवाने ते फाडलं. प्रार्थनाघरं पाडली. घरात शिपाई आणून ठेवले, खायला-प्यायला घाला, धर्म सोडाल तेव्हा जातील. बरं, देश सोडून जाऊ म्हटलं तर त्यालाही बंदी. मग रात्रीबेरात्री नावेतून, गवताखाली लपून, दारूच्या रिकाम्या पिंपांत बसून पळाले.

इकडच्या राजाने जाहीर केलं, या. राहायचा परवाना फुकट. तुमची अवजारं आणा, त्यावर जकात नाही. धंदा करा, मुलांना शाळेत घाला. आणि देशभरच्या चर्चमधून ह्यांच्यासाठी वर्गणी गोळा करायचा हुकूम काढला.

मी विचारलं, "त्या राजाला ह्यांची दया आली, की ह्यांची अवजारं हवी होती?"

मिस व्हाईटने दुसरं थालीपीठ घेतलं. म्हणाली, "वर्गात हा प्रश्न मी वर्षातून एकदाच ऐकायची."

तिच्या घराण्याचं आडनाव मुळात ब्लां. ब्लां म्हणजे पांढरं. इकडे येऊन व्हाईट झाले. म्हणजे हिचंही नाव बदललेलं, तेही ना ताट ना तांदूळ.


रवि., २६ मार्च

आज इथला मातृदिन. शिवाय घड्याळं तासाने पुढे सरकवली. एक तास सरकारने घेतला, विचारलंसुद्धा नाही. श्री.ने कार्ड दिलं. आत काय लिहिलंय विचारलं तर लाजला, मेधाला वाच म्हणाला. तीही लाजली. न वाचता गादीखाली ठेवलं.

मि. व्हा. ला बोलावलं होतं जेवायला. तिला आई म्हणणारं कुणी नाही, म्हणून मी म्हटलं, आज इतिहासाचा तास घे. उरलेली गोष्ट तिने वरणभातावर सांगितली.

वर्गणी जमली, पण वाटायची कुणाला? कुणीही उठून मी छळ सोसला म्हणेल. तर लंडनच्या फ्रेंच चर्चमधली वडीलधारी मंडळी बसायची. आलेल्या प्रत्येकाला विचारायची, कुठल्या गावचा, गावच्या चर्चची चिठ्ठी आहे का? चिठ्ठी असली तर ठीक. पण पळून येणारे चिठ्ठी बरोबर ठेवतील का, वाटेत सापडली तर फासच. बऱ्याच जणांनी जाळून टाकलेली. मग त्यांनी त्याच गावचे लोक उभे करायचे. त्यांनी म्हणायचं, होय, ह्या बाईला आम्ही ओळखतो.

"म्हणजे होम ऑफिस तेव्हापासूनच," मी म्हटलं.

मेधाने अर्थ सांगितल्यावर मि. व्हा. इतकी हसली की ठसका लागला. श्री.ला पाठ थोपटावी लागली.

पुढचा राजा आला, त्याच्या मनात ह्या लोकांबद्दल माया नव्हती. त्याच्या वेळी अट आली. मदत पाहिजे तर इथल्या इंग्रज चर्चच्या पद्धतीने प्रसाद घ्या. ज्या गोष्टीसाठी घर सोडलं, तिचीच थोडी वेगळी शिळी आवृत्ती पुढ्यात. काहींनी घेतला, काहींनी मदत सोडली. तिच्या पूर्वजांनी काय केलं?

"वुई नेव्हर फाउंड आउट," म्हणाली. कधी कळलं नाही.

आणि इथले कारागीर कुरकुर करायचे, परके आले, आमचं काम गेलं. तेव्हाही. श्री. मान खाली घालून भात कालवत होता. हॉस्पिटलात त्याला कुणी काही बोललंय का, हे मी विचारलं नाही, तो सांगणार नाही.

मला मात्र ऐकून बरं वाटलं. तपासतात म्हणजे हाकलतातच असं नाही.


गुरु., ३० मार्च. पाडवा.

गुढी मागच्या अंगणात. काठी पडद्याची. कडुनिंब नाही, मेधाने हॉस्पिटलातून परत येताना कुठल्यातरी झाडाचा कडू पाला आणला. औषधं देणारी बाई, विषारी तरी नसेल. गुढीला आबांनी विणलेला रेशमी खण, पैठणीच्या काठाचा. माझ्या पेटीत तो एकच आहे.

मि. व्हा. कुंपणापलीकडून बघत होती. आत आली, खणाला हात लावू का विचारलं. काठावरचा मोर बोटाने चाचपला आणि म्हणाली, "सिल्क. आमचे लोकही रेशीमच विणायचे. लंडनमध्ये, स्पिटलफील्ड्सला."

तीनशे वर्षांत ही बाई हे आत्ता सांगते. बारा दिवस माझी थालीपीठं खाल्ली, धंदा सांगितला नाही.

तिला म्हटलं, माझे आबा विणकर. तशी ती उठली, घरी गेली, कागद घेऊन आली. जुन्या चर्चच्या वहीतल्या पानाची झेरॉक्स, तिच्या वडिलांनी काढलेली. त्यावर तिच्या घराण्यातली इथे आलेली पहिली बाई. ज्युडिथ ब्लां, विधवा. मदत मागायला आलेली. लिहिता येत नव्हतं, म्हणून नावापुढे तिने एक खूण काढलीय.

मि. व्हा.च्या वडिलांचं म्हणणं, ती होडी आहे, जिच्यातून ज्युडिथ आली. मि. व्हा.ची आत्या म्हणायची मासा आहे, येशूच्या लोकांची जुनी खूण. ह्यावरून भावाबहिणीत आयुष्यभर वाद.

मेधाने कागद माझ्यापुढे धरला. लांबट, दोन्ही टोकांना निमुळतं, पोटात एक आडवी रेघ, बाजूला एक टिंब.

मी म्हटलं, "हा धोटा आहे."

मेधाला कळेना. मागावर इकडून तिकडे आडवा धागा नेतो तो धोटा. मी आत गेले. आबांचा धोटा माझ्या पेटीत आहे. येताना श्री. म्हणाला होता, आई, लाकडाचा तुकडा विमानातून कशाला? आणून कागदाच्या शेजारी ठेवला. ही टोकं. पोटातली ही रेघ म्हणजे कांडी. आणि हे टिंब म्हणजे धागा बाहेर यायचं भोक. माशाला कशाला हवं पोटात आडवं हाड? विणकराच्या बाईला लिहायला सांगितलं, तिने रोज हातात असायचं ते काढलं.

मि. व्हा. खुर्चीवर बसली. चहा पार गार झाला, आणि ही चहा गार होऊ देणारी बाई नव्हे. मग म्हणाली, "दोन पिढ्या शिकल्या-सवरलेल्यांनी हे पाहिलं. वाचलं तुम्ही."

मला लाज वाटली. आणि नाहीही वाटली. मेधा, हे गाळायचं असेल तर गाळ.

(गाळणार नाही. — मे.)


शुक्र., ३१ मार्च

श्रीखंड उरलंय. श्री. दोनदा उठून फ्रिज उघडून आला. वय पंचेचाळीस.


सोम., ३ एप्रिल

सॉलिसिटरच्या ऑफिसात प्रतिज्ञापत्र झालं. मी यमुना, मीच सुलोचना, श्रीकांत माझा मुलगा. घरच्या माणसाने दुभाषी व्हायचं नाही म्हणे, म्हणून श्री.चा मित्र कुलकर्णी ब्रॅकनेलहून रजा काढून आला. कॉम्प्युटरवाला. मराठी बोलताना घाम फुटतो त्याला. "तुम्ही, म्हणजे, दॅट तांदूळ, त्याच्यावर रिंगने, ॲक्च्युअली." मी म्हटलं, बाळा, सावकाश, मी कुठे जात नाहीये, तेच तर लिहितोय आपण.

सही करायची वेळ आली. मी अंगठा पुढे केला, आयुष्यभर तेच केलंय. शाईचं पॅडच नाही त्यांच्याकडे. सॉलिसिटर म्हणाला, अंगठाच हवा असं नाही. हिने स्वतःची म्हणून काढलेली कुठलीही खूण चालेल, मी वाचून दाखवलं आणि माझ्यासमोर काढली असं मी खाली लिहितो.

कुठलीही?

कुठलीही.

मी धोटा काढला. शनिवार-रविवार पाकिटांच्या मागे सराव केला होता, कुणाला सांगितलं नव्हतं. (आम्हाला वाटलं आई वांगी काढतायत. — मे.) एक टोक बोथट झालं. पण कांडी सरळ आली आणि भोक जागच्या जागी.

सॉलिसिटरने पाहिलं, विचारलं, होडी?

आता ह्यालाही सगळं पहिल्यापासून सांगायचं. कुलकर्णीला पुन्हा घाम.

ह्यांनी दोनदा पाटी आणली होती माझ्यासाठी. एकीवर मी सांडगे वाळवले. दुसरी दत्तूच्या पोरांना देऊन टाकली. आज गाडीत बसल्यावर ते आठवलं. पन्नास वर्षं माझ्या अंगठ्याशेजारी सगळीकडे सही करत राहिले, कधी बोलले नाहीत.


शुक्र., १४ एप्रिल

काल दत्तूचं प्रतिज्ञापत्र आलं, येवल्याहून, कुरियरने. आज इथे गुड फ्रायडे, सगळं बंद. मेधाने शांतपणे वाचून दाखवलं.

फोनवर त्याने आधी मला शिव्या घातल्या होत्या. "अक्का, तुला ह्या वयात परदेशात राहायचंय आणि माझे गुडघे तहसिलाचे जिने चढणार." पण गेला. मुलाकडून येवल्याला तीन खेपा घातल्या. त्याच्या हट्टाने वकिलाने तेही लिहिलंय. "सदर विवाहप्रसंगी मी वय वर्षे सात उपस्थित होतो. ताटातील नवीन नाव मी स्वतः वाचले व स्वतःच्या हाताने पुसले. त्याबद्दल मला मारण्यात आले." वकील म्हणाला होता, हे कशाला? दत्तू म्हणाला, साक्षीदार मी आहे की तुम्ही?

मि. व्हा. ला सांगितलं. ती म्हणाली, "हाच तो गावचा माणूस. उभा राहिला आणि म्हणाला, मी हिला ओळखतो."

पन्नासावर वर्षांनी ती थोबाडीत कामाला आली. फोनवर त्याला तसं म्हटलं तर म्हणतो, गाल अजून दुखतो, भरपाई पाठव.

दोन्ही कागद मंगळवारी पोस्टात. आता आपल्या हातात काही नाही. मला छान झोप लागते. हे लिहून ठेव, श्री.ला खरं वाटत नाही.


रवि., ७ मे

कँटरबरीला जाऊन आलो. मि. व्हा.ची इच्छा. तिथल्या मोठ्या चर्चच्या खाली तळघर आहे, तिथली एक खोली त्या पळून आलेल्या लोकांना प्रार्थनेला दिली होती, आमच्या ह्यूगेनॉटांच्याही आधीपासून. अजून दर रविवारी दुपारी तिथे फ्रेंच भाषेत प्रार्थना होते. श्री.ने गाडी काढली. वाटेत रस्ता तुंबलेला, मि. व्हा. पुढे बसून त्याला शाळेतल्यासारखी सूचना देत होती. तो "यस, मिस" म्हणायला लागला.

वर केवढं मोठं चर्च, मान दुखेपर्यंत बघावं लागतं. आणि खाली जिना उतरून ही एवढीशी खोली. आम्हाला धरून दहा-बारा माणसं. मी सवयीने चपला काढल्या. फरशी बर्फ. श्री. कानात म्हणाला, "आई, इथे काढत नाहीत." मग काय झालं, ज्याची जागा त्या देवाला तर चालतं. मि. व्हा.ने गळ्यातला लोकरीचा मफलर काढला आणि माझ्या पायांखाली सारला.

प्रार्थना मला कळली नाही. मेधाला नाही, श्री.ला नाही. बाहेर आल्यावर मि. व्हा. म्हणाली, मलाही निम्मीच कळते. चौघांतल्या एकालाही धड न कळणारी प्रार्थना आम्ही तासभर फार भक्तीने ऐकली.

पण मी दुसराच विचार करत होते. राजा आला आणि गेला. मदत दिली, अट घातली, अट गेली. ज्यांनी त्यांना तपासलं त्यांची नावं कुणाला माहीत नाहीत. खोली मात्र दिली ती दिली, परत मागितली नाही. वरच्या लोकांनी इतकी वर्षं खाली आवाज होऊ दिला.

मेधाने विचारलं, "आई, तुम्ही तिथे काय मागितलंत?"

खोली.

ती म्हणाली, "तुमची आहेच की. वरची, मागच्या बाजूची. मी तिथे इस्त्रीचं टेबल ठेवते म्हणून टोमणा आहे का हा?"

टोमणा नव्हता. पण आता तिनेच काढलंय तर टेबल हलवावं.


मंगळ., ९ मे

इस्त्रीचं टेबल जिन्याखाली गेलं.


शनि., २० मे

पत्र आलं. ह्या वेळी मिरच्या नव्हत्या, मेधा खरीच रडली.

सॉलिसिटरकडे आलेलं, त्याने पाठवलं. मेधाने आधी इंग्रजीत वाचलं, मग मराठीत, मग मी म्हटलं परत इंग्रजीत, त्यातला एक आवाज मला आवडला. "वुई आर सॅटिस्फाइड." आमची खात्री पटली आहे. यमुना आणि सुलोचना ह्या दोन्ही नावांची व्यक्ती एकच आहे आणि ती ह्या मुलाची आई आहे.

पंचेचाळीस वर्षं मला हे माहीत होतं. तरी सरकारने सांगितल्यावर मी सोफ्यावर बसलेच. श्री. येऊन मांडीवर डोकं ठेवून बसला, केवढं ते जड डोकं. आबा असते तर म्हणाले असते, मी कारकुनाला तेव्हाच सांगितलं होतं.

खाली आणखी एक ओळ आहे. अर्जाचा निकाल आणि मूळ कागद, पासपोर्टसकट, वेगळे पोस्टाने येतील.

श्री. म्हणतो ओळख पटली म्हणजे निकाल हो असणारच. सॉलिसिटर म्हणतो, बहुतेक. मेधाने शिऱ्याला रवा काढलाय.

दत्तूला फोन केला. "मग आता तू कायमची तिकडे?" म्हणाला. मी म्हटलं, अजून नाही ठरलं. मग म्हणाला, "अक्का, घराची किल्ली कुणाकडे आहे?"

माझ्याकडे. देव्हाऱ्याच्या खणात. देऊ कुणाला ते सुचलं नाही अजून.


गुरु., २५ मे

आज फजिती. मी आणि मि. व्हा. तिच्या बागेत वाटाण्याला काड्या लावत होतो. श्री.-मेधा कामावर. तेवढ्यात पोस्टमन येऊन गेला. परत आले तर दारात एक कार्ड पडलेलं. मि. व्हा.ने वाचून मान हलवली, अर्थ मेधा आल्यावर कळला. तुम्ही घरी नव्हता, सहीचं पाकीट आहे, आमच्या डेपोतून घेऊन जा, येताना ओळखपत्र आणा. पाकीट सुलोचनाच्या नावाचं.

संध्याकाळी मेधाने डेपोला फोन केला. कसलं ओळखपत्र चालेल? पासपोर्ट. पासपोर्ट त्या पाकिटातच आहे. मग लाइटचं बिल, बँकेचा कागद. ते सगळे श्री.च्या नावाचे. तो माणूस चांगला होता बिचारा, म्हणाला, मॅडम, मी काय करू, पत्र ज्याचं आहे तो आपणच, हे त्यानेच दाखवायला हवं.

श्री. डोकं धरून बसला. मला हसू आवरेना. आख्ख्या सरकारची खात्री पटली, आता पोस्टाची पटवायची.

मि. व्हा.ने भिंतीपलीकडून हे ऐकलं असावं, बेल वाजवून आली. म्हणाली, मी येते. सॉलिसिटरच्या कागदाची नक्कल घ्या, होम ऑफिसचं ते पत्र घ्या, आणि मी खिडकीशी उभी राहून सांगते की ह्या बाईला मी ओळखते. तिच्या ज्युडिथच्या वेळी एवढ्यावर चालायचं, इथेही चाललं पाहिजे, नाही चाललं तर ती त्यांना इतिहास शिकवेल. डेपोवाल्याची मला काळजी वाटते.

उद्या खिडकी सातला उघडते. ती म्हणते सव्वासहाला तयार राहा. मी निळी साडी काढून ठेवलीय, आणि आबांचा धोटा पिशवीत. पोस्टवाल्याने सही कर म्हटलं तर नमुना जवळ असलेला बरा.

पाकिटात काय आहे ते मेधा दहादा विचारते, जसं काही मी आरपार बघू शकते. मला खरंच धाकधूक नाही. हो असेल तर श्री.ला म्हणणार आहे, वरच्या खोलीला एक मोठी खिडकी कर. नाही असेल तर

ते उद्या. मेधा, पेन इकडे दे. आज खाली सही मी करते.

(इथे आईंनी धोटा काढला आहे. दोन्ही टोकं नीट आली आहेत. — मे.)